अश्वहृदय आणि आवळलेला पट्टा

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर नावाचे गाव आहे. तेथे गेलात तर गावकरी तुम्हाला अभिमानाने सांगतील, की विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ती हीच; रुक्मिणीचे माहेर हेच, आणि दमयंतीचे माहेरही हेच. पुराणातले गाव आणि आजचे गाव यांचा मेळ कसा घालायचा, हे काम आपण संशोधकांवर सोपवू. पण दमयंतीच्या कथेतला एक प्रसंग मात्र आपल्या आजच्या विषयाचा आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

राज्य गमावलेला नळ बाहुक नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी होऊन राहिला होता. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराचा निरोप आला आणि ऋतुपर्णाला एका दिवसात कुंडिनपूर गाठायचे होते. नळाने पागेतून घोडे निवडले तेही दिसायला हडकुळे. राजा नाराज झाला. रथ जोडताना ते घोडे गुडघ्यांवर खाली आले. तेव्हा नळाने काय केले? त्याने आधी त्यांना धीर दिला, शांत केले, आणि मग लगाम हाती घेतला. पुढे तो रथ वाऱ्यासारखा गेला आणि कुंडिनपुरात नुसता त्याचा आवाज ऐकून दमयंतीने नळाला ओळखले, अशी कथा आहे. नळाच्या या विद्येला महाभारतात ‘अश्वहृदय’ असे नाव आहे. घोड्याचे हृदय जाणण्याची विद्या!

आता वाचकहो, गंमत अशी, की माणसाने घोड्याच्या हृदयाचा विचार क्वचित केला आणि तोंडाचा मात्र फार केला. तीन हजार वर्षांहून अधिक काळ जगभरच्या माणसांनी या एका जनावराच्या तोंडात काय घालावे, तोंडावरून काय बांधावे आणि ते किती आवळावे, यावर आपली बुद्धी खर्च केली. त्या इतिहासातला एक लहानसा भाग आज आपण पाहणार आहोत. तो म्हणजे घोड्याच्या नाकावरून जाणारा पट्टा. आपण त्याला नाकपट्टा म्हणू. विषय लहान दिसतो. पण ज्याच्या हाती दुसऱ्या जिवाचा लगाम आहे, त्या प्रत्येकाशी त्याचा संबंध पोहोचतो.

आधी घोड्याचे तोंड कसे असते ते पाहू. पुढे गवत तोडण्याचे दात, मागे दाणा दळण्याच्या दाढा आणि या दोहोंच्या मधे काही बोटे रुंदीची मोकळी जागा. तेथे दाढ नाही. हिरडीचे पातळ आवरण आणि लगेच खाली जबड्याचे हाड. माणसाने लोखंड घालायला नेमकी हीच जागा शोधून काढली. लगामाचा जो लोखंडी भाग तोंडात जातो त्याला आपल्याकडे कडियाळे म्हणतात. ते या मोकळ्या जागेत, जिभेवर टेकून बसते. लगाम ओढला की जिभेवर, हिरडीवर आणि ओठांच्या कोपऱ्यांवर दाब येतो. घोड्याची जीभ जाड आणि मोठी असते. तोंड मिटले असता आत फारशी जागा उरत नाही. तेव्हा दाब वाढला म्हणजे घोडा काय करणार? तोंड उघडणार, जबडा बाजूला सरकवणार, जीभ कडियाळ्यावरून वर काढून घेणार, मान झटकणार. त्याला बोलता येत नाही. हेच त्याचे बोलणे.

या बोलण्यावर माणसाने जो उपाय काढला तो नाकपट्टा. नाकाडावरून आणि हनुवटीखालून चामड्याचा पट्टा घट्ट बांधला, की तोंड उघडत नाही. पाहणाराला वाटते, वा! घोड्याने लगाम मानला. पण त्याने लगाम मानला की त्याचे तोंड नुसते बांधले गेले, हे बाहेरून पाहून कसे कळावे? सगळा प्रश्न एवढाच आहे.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. बैलाला कडियाळे लागत नाही; त्याच्या नाकाच्या पडद्यातून वेसण ओवलेली असते, जिला आपल्याकडे ‘येसन’ म्हणतात. डोक्याला म्होरकी असते आणि मागे धुरकऱ्याच्या हाती कासरा. नवा गोऱ्हा वाहीला धरताना जाणता गडी येसन सारखी ताणून धरीत नाही. तो ओढतो, आणि जनावर वळताच सैल सोडतो. ‘वढलं का सोडाव बी लागते’ असे तो म्हणेल. जनावर शिकते ते ओढण्याने नव्हे, सोडण्याने. दाब थांबला म्हणजे आपण केले ते बरोबर, एवढाच धडा त्याला कळतो. जो दाब कधी थांबतच नाही, त्यातून तो काय शिकणार?

आता आपण बरेच मागे जाऊ. इसवी सनापूर्वी ३२६ साली शिकंदर पंजाबात आला. त्याचा नौदलप्रमुख नीआर्कस याने सिंधू नदीतून आणि समुद्रमार्गे जो प्रवास केला, त्याची हकीकत त्याने लिहून ठेवली. ती मूळ हकीकत आज नाही; पण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अरियन नावाच्या ग्रीक लेखकाने तिच्या आधारे हिंदुस्थानावर एक पुस्तक लिहिले, ते आहे. त्यात हिंदी घोडेस्वारांच्या सामानाचे वर्णन आले आहे आणि ते वाचताना आपण थबकतो.

अरियन सांगतो, की हिंदी लोक घोड्यावर खोगीर घालीत नाहीत आणि त्यांचा लगामही ग्रीकांसारखा नसतो. घोड्याच्या तोंडाच्या टोकाभोवती ते बैलाच्या कच्च्या कातड्याचा शिवलेला पट्टा बांधतात. या पट्ट्याला आतल्या बाजूने पितळेचे किंवा लोखंडाचे काटे असतात. फार अणकुचीदार नाहीत, पण टोचण्याइतके. श्रीमंतांच्या घोड्यांना हे काटे हस्तिदंताचे! आणि घोड्याच्या तोंडात सळईसारखा लोखंडाचा तुकडा असतो, त्याला लगामाच्या दोऱ्या बांधलेल्या असतात. दोरी ओढली की सळई घोड्याला आवरते आणि तिला जोडलेल्या पट्ट्याचे काटे टोचू लागतात. मग घोड्याला ऐकण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

म्हणजे पाहा, दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी आपल्या देशात नाकपट्टा होता, आणि तो काटेरी होता. श्रीमंताने काटा हस्तिदंताचा केला. घोड्याच्या कातडीला त्याचे काय कौतुक?

यात ग्रीक लोक अगदी साळसूद होते असे समजू नका. त्यांच्याकडेही नाकावर बसणारी धातूची कडी होती आणि खडबडीत कडियाळी होती. पण त्यांच्यातच झेनोफन नावाचा एक सेनानी होऊन गेला. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात त्याने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले. घोड्याकडून बळजबरीने जे करवून घेतले जाते ते घोड्याला समजलेले नसते, असे त्याचे म्हणणे होते. चाबकाने आणि टाचेने नर्तकाला नाचवले तर त्यात सौंदर्य कोठून येणार, असा त्याचा सवाल होता. नळाचे अश्वहृदय आणि झेनोफनची ही दृष्टी एकमेकींच्या फार जवळ आहेत. म्हणजे जुन्या काळी माणसाला हे कळतच नव्हते असे नाही. कळत होते आणि तरीही काटा वापरला जात होता.

ग्रीकांचा आणि आपला हा संबंध एका शब्दातही उरला आहे. संस्कृतात कडियाळ्याला ‘खलीन’ म्हणतात, आणि हा शब्द ग्रीक भाषेतून आला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. पुढे आलेला ‘लगाम’ फारशी. खोगीर, जीन, रिकीब, तंग, जेरबंद, तोबरा, साईस, नालबंद, चाबूकस्वार हे शब्दही त्याच वाटेने आपल्या बोलीत शिरले आणि असे मुरले, की आज तोंडाला तोबरा भरताना घोड्याची आठवणही होत नाही. यांतला जेरबंद आपल्या विषयाच्या जवळचा. घोड्याने डोके वर उडवू नये म्हणून पुढच्या दोन पायांमधून नेऊन तंगाला जोडलेला हा पट्टा. त्याचा अर्थ इतका बोलका, की पकडलेल्या चोरालाही आपण ‘जेरबंद केला’ म्हणतो. घोड्याचे सामान आणि कैद्याची बेडी यांना भाषेने एकच शब्द दिला, हे काही उगाच नव्हे.

हे शब्द वऱ्हाडात कसे आले हे पाहायचे तर अकोला जिल्ह्याच्या नकाशाकडे पाहावे. अकबराचा मुलगा मुराद दक्षिणेच्या मोहिमेवर आला, त्याने बाळापूरजवळ शाहपूर वसवले आणि १५९९ साली तो मरण पावला. त्याच साली अकबराने आपला विश्वासू अबुल फजल याला दक्षिणेत पाठवले. या अबुल फजलाने लिहिलेल्या ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची माहिती आहे आणि बादशाही पागेचीही आहे. घोड्याला रोज दाणा किती, सामान कोणते, नोकर कोण कोण, हे सारे त्यात नोंदले आहे. घोडा शिकवणारा चाबूकस्वार हा त्या पागेतला पगारी माणूस. घोडे तयार करणे हा कसबाचा धंदा होता आणि त्याची राज्याच्या दप्तरात नोंद होती.

पुढे दोन-अडीचशे वर्षे वऱ्हाडची काळी जमीन घोड्यांच्या टापांखाली राहिली. १७२० साली बाळापूरच्या परिसरात निजामाची आणि आलम अलीखानाची लढाई झाली. नागपूरकर भोसल्यांचे स्वार आणि निजामाचे स्वार या प्रांताचा वसूल वाटून घेण्यासाठी येत-जात राहिले. आणि १८०३ साली तर दोन महिन्यांत या प्रांताचे नशीबच पालटले. २९ नोव्हेंबरला तेल्हाऱ्याजवळच्या अडगावच्या मैदानात वेलस्लीची फौज भोसले आणि शिंदे यांच्या फौजेवर चालून गेली. लढाई दुपार कलल्यावर सुरू झाली, दिवस मावळला, आणि इंग्रजांच्या रिसाल्याने चांदण्यात पाठलाग चालू ठेवला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावला भोसल्यांशी तह झाला आणि ३० डिसेंबरला अंजनगाव सुर्जी येथे शिंद्यांशी.

या लढायांचे वर्णन इतिहासात येते ते तोफांचे, पलटणींचे आणि तहांच्या कलमांचे. पण क्षणभर घोड्याच्या बाजूने विचार करा. पळणारा मराठा स्वार असो की पाठलाग करणारा मद्रासचा देशी स्वार असो, दोघांच्याही घोड्यांच्या तोंडात लोखंड होते, आणि दोघांचाही जीव त्या लोखंडावर अवलंबून होता. मराठी स्वाराची ख्याती चपळाईची. एका जागी गिरकी घेऊन वळायचे, हूल द्यायची, पुन्हा पलटून यायचे. घोड्याला वर्तुळात फिरवण्याच्या शिक्षणाला मराठीत ‘कावा’ म्हणतात. आपण ‘गनिमी कावा’ म्हणतो त्यातही हाच शब्द आहे. एका हातात भाला किंवा तलवार, दुसऱ्या हातात लगाम; अशा वेळी घोडा इशाऱ्यासरशी वळला नाही तर स्वार मेला. तेव्हा स्वाराने कडक कडियाळे वापरले, तोंड उघडू नये म्हणून पट्टा आवळला, तर त्याला आपण आज आरामात बसून दोष देणे सोपे आहे. त्याच्या जागी आपण असतो तर बहुधा हेच केले असते.

तथापि याला दुसरी बाजू आहे, आणि ती त्या काळच्या लोकांनाही माहीत होती. मराठी फौजेत शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. घोडा मेला किंवा निकामी झाला तर शिलेदाराची रोजीरोटीच बुडे. म्हणून शिलेदार लढाईत घोडा जपून घालतो, अशी तक्रार त्याच्याविरुद्ध नेहमी केली जाई. पण आपण ती उलटून पाहिली तर? ज्याला नुकसान स्वतः सोसायचे आहे, तो जनावराच्या शरीराकडे लक्ष देतो. कडियाळ्याने हिरडी सोलवटली, तोंडात जखम झाली, की घोडा दाणा खात नाही. दाणा नाही तर ताकद नाही. पागेत हे कळायला पुस्तक लागत नव्हते. तोबऱ्यात उरलेला हरभराच ते सांगत होता. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना दाण्यावैरणीची काळजी कशी घ्यावी हे बजावून लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. घोडा हे राज्याचे भांडवल होते, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले ते तरी कशासाठी? निजामाच्या नावाने ठेवलेल्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा खर्च भागावा म्हणून. अमरावती-अकोल्याच्या कापसाच्या आणि ज्वारीच्या शेताचा सारा अशा रीतीने त्या फौजेच्या घोड्यांच्याही पोटात जात होता म्हणा ना! १९०३ साली ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्यातील रिसाल्यांपैकी एकाला पुढे ‘डेक्कन हॉर्स’ हे नाव मिळाले. त्या रिसाल्याच्या स्वारांनी जुलै १९१६ मध्ये फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर मशीनगनच्या काळात भाले घेऊन चाल केली. लढाईतल्या घोड्याचे युग तेथेच संपत आले.

युद्ध संपले म्हणजे तोंडावरचा पट्टा सैल व्हायला हवा होता. कारण आता प्राणाची गाठ राहिली नव्हती. पण झाले उलटेच. युद्धातली गरज गेली आणि तिची जागा दिमाखाने घेतली. विलायतेत एकोणिसाव्या शतकातच बग्गीच्या घोड्याची मान उंच आणि कमानदार दिसावी म्हणून डोके वर खेचून ठेवणारी एक वादी बांधण्याची फॅशन होती. १८७७ साली ॲना सेवेल या बाईंनी ‘ब्लॅक ब्यूटी’ या पुस्तकात घोड्याच्याच तोंडून त्या वादीची कहाणी सांगितली आणि लोकांची मने हलवली. त्या वादीची चाल मागे पडली. पण विसाव्या शतकात घोडेस्वारीच्या स्पर्धा वाढल्या, त्यांत मिटलेल्या, स्थिर तोंडाला किंमत आली, आणि नाकपट्टा पुन्हा आवळला जाऊ लागला. कप्पीसारखी दुहेरी ओढ देणारे पट्टे निघाले, ज्यांनी थोड्या जोरात पुष्कळ आवळता येते.

जुन्या घोडेस्वारीच्या पुस्तकांत एक नियम सांगितलेला असे, की नाकपट्ट्याखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. हा नियम कोण किती पाळतो? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियम या देशांतील स्पर्धांमधल्या ७५० घोड्यांचे पट्टे मोजण्यात आले. शंभरात चव्वेचाळीस घोड्यांच्या पट्ट्याखाली मोजपट्टी मुळीच शिरली नाही. दोन बोटांची जागा ठेवलेले घोडे निघाले शंभरात अवघे सात!

आणि आवळल्याने घोड्याला होते काय? हेही आता अंदाजावर राहिलेले नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली बारा घोड्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पट्टा सुटा, दोन बोटे सैल, एक बोट सैल आणि पुरता आवळलेला, अशा चार अवस्थांत त्यांनी घोडे तपासले. पुरता आवळला तेव्हा हृदयाचे ठोके वाढले, डोळ्याचे तापमान वाढले. ही ताणाची लक्षणे. चघळणे जवळजवळ थांबले. आणि पट्टा काढल्यावर? घोड्यांनी एकसारखे गिळायला, जिभेने चाटायला आणि जांभया द्यायला सुरुवात केली. जणू तुंबलेले पाणी मोकळे झाले. जे करू दिले गेले नव्हते ते सारे त्यांनी भरून काढले.

शरीराच्या रचनेकडे पाहिले तर यात नवल नाही. घोड्याच्या नाकाचे हाड खाली येता येता पातळ होत जाते. घोडा आपल्यासारखा तोंडाने श्वास घेत नाही, नाकानेच घेतो. पट्टा फार खाली बांधला तर तो नाकपुड्यांच्या वरच्या मऊ भागावरच येतो. गाल आतून वरच्या दाढांच्या धारेवर दाबले जातात आणि सोलतात. आणि कडियाळ्याचा दाब चुकवण्याची वाट बंद झाल्याने तो दाब जसाच्या तसा जिभेवर आणि हिरडीवर पडतो. म्हणजे नाकपट्टा दुखणे थांबवीत नाही. दुखण्याची खूण तेवढी झाकतो. स्वाराला वाटते घोडा हलक्या हाताने चालतो आहे. वस्तुतः त्याची तक्रार स्वाराच्या हातापर्यंत पोहोचतच नसते.

सैल नाकपट्ट्याचे काही उपयोग आहेत, हे मान्य केले पाहिजे. घोडा बांधायला, हाताने धरून न्यायला, शिकवताना कडियाळे तोंडात नीट ठेवायला तो कामी येतो. जगातल्या घोडेस्वारीच्या स्पर्धांचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही तो काढून टाकलेला नाही. पण २०२५ सालापासून तिच्या स्पर्धांत पट्टा किती आवळला आहे हे मोजण्यासाठी ठरावीक मापाचे साधन वापरले जाऊ लागले. ज्या गोष्टीसाठी पूर्वी दोन बोटे पुरत, तिच्यासाठी यंत्र आणावे लागले. कारण बोटे माणसामाणसाची वेगळी, आणि मोजणाराची नियतही.

आपल्या देशात कायदा याहून आधी झाला. १९६० साली प्राण्यांचा छळ रोखण्याचा कायदा आला आणि १९६५ साली ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांसंबंधी नियम झाले. त्यांत काटे, गाठी किंवा टोके असलेली कडियाळी, साज आणि जू वापरण्यास स्पष्ट मनाई आहे. नीआर्कसने पाहिलेल्या काट्यांवर तेवीस शतकांनी का होईना, बंदी आली. पण नियमाचा मुख्य रोख टोकदार वस्तूंवर आहे. गुळगुळीत, पॉलिश केलेला, चकचकीत बकलाचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळला, तर तो कोणाच्या नजरेत भरणार? तेथे कायद्यापेक्षा पाहणाऱ्याचा डोळा उपयोगी.

हा डोळा वऱ्हाडाजवळ आहे, असे मला वाटते. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा शंकरपट प्रसिद्ध आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, तेव्हा पटाच्या शौकिनांना फार वाईट वाटले. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. या सगळ्या वादात मूळ प्रश्न एकच होता. बैल हौसेने धावतो की दुःखाने? त्याचे उत्तर निकालपत्रापेक्षा जोडी सोडणाऱ्या माणसाच्या हातातच अधिक आहे. ज्याने जोडी घरच्या लेकरासारखी वाढवली त्याला बैलाच्या कानावरून, श्वासावरून, येसनीच्या ताणावरून सारे कळते.

घोडे आता वऱ्हाडात थोडे उरले. अमरावती-अकोल्याच्या स्टेशनांबाहेर एकेकाळी टांग्यांची रांग असे. ती ऑटोरिक्षांनी घेतली. आज घोडा आपल्याला दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत. बँड वाजतो आहे, फटाके फुटताहेत, दिव्यांचा लखलखाट आहे आणि मधे नवरदेवाला पाठीवर घेऊन एक पांढरी घोडी उभी आहे. ती इतकी शांत, की पाहुणे म्हणतात, ‘काय गुणाची घोडी आहे हो!’

पुढल्या वेळी अशी वरात तुमच्या दारावरून गेली तर जरा जवळ जाऊन घोडीवाल्याला रामराम घाला. रागावू नका, त्याचेही पोट तिच्यावर आहे. जुन्या शिलेदारासारखा तोही आपल्या जनावरावर जगतो. त्याला विचारून, नाकाडाच्या वरच्या हाडावर पट्ट्याखाली दोन बोटे जातात का ते पाहा. बाजूला गालावर पाहू नका. गाल मऊ असतो, तेथे बोट फसवते. नाही गेली, तर त्याला म्हणा, ‘दादा, दोन भोकं सैल करा.’ मग मिनिटभर तेथेच उभे राहा. घोडी जीभ फिरवील, तोंड हलवील, आवंढा गिळील. कदाचित एक लांबलचक जांभईही देईल.